परदेशात राहतो, भारतातून मूल दत्तक घ्यायचंय. ओळखीतून घ्यावं की कारामधून (केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा)?

वास्कोची सून

नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर नगरचं, सासर वास्को. नवरा गोंयकार कॅथलिक, त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, माझा आता ब्रिटिश झाला, दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आणि राहायला इंग्लंडात स्विंडनला. मूल नाही. दवाखाने झाले, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) झाल्या, आणि आता दोघांनी अगदी शांत मनाने ठरवलंय की दत्तक घ्यायचं आणि भारतातूनच घ्यायचं.

सध्या सुट्टीला वास्कोला आलेय आणि इथे वेगळंच सुरू झालंय. नणंदेच्या ओळखीतल्या एक बाई आहेत, त्यांच्या माहितीत एक लग्न न झालेली मुलगी आहे, पुढच्या महिन्यात बाळंत होणारे, तर बाळ थेट आमच्या हातात देतील आणि जन्मदाखल्यावर आमचंच नाव लागेल म्हणतात. शिवाय मुलगी ख्रिस्ती आहे म्हणून सासूबाई खूश, त्यांचं म्हणणं देवानेच दार उघडलंय, तुम्ही कसले फॉर्म भरत बसता. मला रात्री झोप लागत नाहीये. देवाची इच्छा म्हणतात ती अशी असते का? आणि कारामधून गेलं तर ख्रिस्ती बाळ मागता येतं का? अजून एक, जो तो "केवढं पुण्याचं काम करताय" म्हणतो ते मला ऐकवत नाही, आम्हाला मूल हवंय म्हणून आम्ही घेतोय, उपकार कसले.

पर्वरीचा वकील

ताई, आधी एकच सांगतो, त्या बाईंना आजच नाही म्हणा. जन्मदाखल्यावर खोटं नाव लावणं हा सरळ गुन्हा आहे. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ८० खाली नियम डावलून मूल दिलं-घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आणि मध्ये पैसे फिरले असतील (बहुतेक वेळा फिरतात) तर कलम ८१, तिथे ५ वर्षांपर्यंत कैद.

पण शिक्षेपेक्षा त्या मुलीचा विचार करा. कायदेशीर वाटेने तिने बाळ सोडायचं ठरवलं तर तिला बालकल्याण समितीपुढे जावं लागतं, तिथे तिच्याशी बोलतात, आणि सही केल्यावरही फेरविचाराला २ महिने मिळतात. बाळंतपणाच्या आठवड्यात घाबरलेली पोर काय वाट्टेल त्यावर सही करेल हो, ते २ महिने तिच्यासाठीच ठेवलेत. तुमच्या नणंदेच्या मार्गात ते तिच्याकडून काढून घेतले जातायत.

आता तुमचं. दोघंही ओसीआय म्हणजे तुमची केस आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याची. भारतीय पासपोर्टवाले एनआरआय असते तर इथल्या लोकांच्या बरोबरीने रांगेत आले असते, ओसीआयचा नंबर त्यांच्यानंतर, पण परक्या नागरिकांच्या आधी. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झाल्यावर ६० दिवसांत भारतात किंवा एनआरआयकडे जागा मिळाली नाही तरच ते बाहेर देता येतं, अशी कलम ५९ ची अट आहे. त्यामुळे तान्हं, धडधाकट बाळ मिळेल ही आशा फार धरू नका, पाचच्या वरची मुलं, भावंडं, नाहीतर काही आजार-अपंगत्व असलेली मुलं असंच बहुतेक असतं. होम स्टडी (तुमच्या घराची, परिस्थितीची तपासणी) यूकेतच होईल, तिथल्या अधिकृत संस्थेमार्फत फाइल काराकडे येईल. दोन्ही देश हेग कराराचे (आंतरदेशीय दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार), त्यामुळे काराचं एनओसी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (आधी कोर्टात जावं लागायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात), मग मुलाचा पासपोर्ट आणि प्रवासाचे कागद, आणि नंतर २ वर्षं पाठपुरावा.

धर्म निवडायची सोय नाही, असूही नये. आणि वास्कोच्या घराच्या वाट्याचं कुणी काढलं तर घाबरू नका, दत्तक मूल कायद्याने तुमचंच मूल, पण इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटायची गोव्यातली कोर्टाची प्रक्रिया) काढायची वेळ येण्याआधीच वकिलाला सगळे कागद दाखवून ठेवा.

साधा माणूस, फोंडा

वकील साहेब बरोबर आहेत पण लोकांची वयं निघून जातात हो वाट बघण्यात. सिस्टर लोकांचे आश्रम आहेत की, तिथून थेट नाही का मिळत? खोटा दाखला नको हे मान्य.

पर्वरीचा वकील

थेट कुणीच देऊ शकत नाही, कॉन्व्हेंट असो की सरकारी गृह, सगळं काराच्या पोर्टलवरूनच. मिशनरीज ऑफ चॅरिटीने तर २०१५ मध्ये नवे नियम आल्यावर दत्तक द्यायचं कामच थांबवलं. आणि ख्रिश्चनांनी या कायद्यावर रागवू नये असं मला मनापासून वाटतं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा, त्यात आपण नाही. आपल्याला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, मूल मोठं झालं की तेही संपायचं. बालन्याय कायद्याने धर्म न बघता खरंखुरं आईबाप होता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ते स्पष्टच सांगितलं.

मडगावची मावशी

अगं बाळा, मी फक्त माझ्या घरचं सांगते. माझी धाकटी बहीण कॅनडात, तिने आपल्याकडूनच सहा वर्षांची मुलगी घेतली. प्रवासाआधी ती दोघं तिला घेऊन आमच्याकडे राहिली होती. पोरीकडे संस्थेतला एक पंचा होता, कोपऱ्यात काळ्या मार्करने नंबर लिहिलेला, तो कुणाला धुवायला पण देईना. संध्याकाळी आम्ही तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसलो तर ही उठून भिंतीकडे तोंड करून हात जोडून शुभं करोति म्हणायला लागली, अख्खं, न चुकता, संस्थेत रोज म्हणायचे ना. माझी आई जरा चमकली, पण बहीण म्हणाली म्हणू दे, तिच्याकडे तिचं स्वतःचं म्हणून एवढंच आहे. मग रोज तेच, आधी तिचं शुभं करोति, मग आमची तेर्स. बाप्तिस्मा बऱ्याच उशिरा दिला, तिलाच समजायला लागल्यावर.

सासूबाईंना म्हणावं, ख्रिस्ती बाळ शोधू नका, घर ख्रिस्ती ठेवा. आणि मोठं मूल घ्यायचं मनात असेल तर मराठी सोडू नकोस, पहिले काही महिने त्या पोरीला घरात समजणारं तेवढंच होतं.

बायबल क्लासवाला, म्हापसा

दार देवाने उघडलं का हे कसं ओळखायचं असं विचारलंय म्हणून लिहितो. संत योसेफाला मूल सांभाळायला मिळालं तेव्हा मरियेला काढून टाकून नाही मिळालं, तिच्यासकट त्याने जबाबदारी घेतली. ज्या दारातून बाळ घेताना आईला पुसून टाकावं लागतं ते दार देवाचं म्हणायला मी तयार नाही. आणि याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथ आणि विधवा दोघांचा समाचार घ्या असं एकाच वाक्यात आहे, म्हणजे निराधार बाईसुद्धा आपलीच जबाबदारी.

आपल्या विश्वासाच्या लोकांनीच यात फार चांगलं आणि फार वाईट दोन्ही केलंय. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या हॉल्ट नावाच्या शेतकरी ख्रिस्ती जोडप्याने कोरियन युद्धातली ८ मुलं दत्तक घेतली, ती बातमी चर्चाचर्चांतून पसरली आणि पुढे हजारो मुलं कोरियातून गेली. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण मागणी वाढली तशी कागदांत खोटं शिरलं, आईबाप जिवंत असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदली गेली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने हे अधिकृतपणे मान्य केलं. ती मुलं आता म्हातारी व्हायला आलीत आणि अजून आई शोधतायत. प्रार्थना करून हे भरून निघत नाही. आपल्याकडेही परदेशी दत्तकातले गैरप्रकार बघूनच सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले होते.

आणि ताई, पुण्याचं म्हणतात ते तुम्हाला खटकतं ना, ते खटकू दे. रोमकरांस पत्रात दत्तकाबद्दल वाचून बघा (८:१५), तिथे लेकरू उपकाराचं ओझं घेऊन येत नाही, हक्काने "अब्बा" म्हणतं.

वास्कोची सून

सगळ्यांचे खूप आभार, मावशींचं वाचून रडले. काल नवऱ्याशी फोनवर बोलणं झालं, नणंदेला आम्ही दोघांनी मिळून स्पष्ट नाही सांगितलं. ती रागावलीय, सासूबाई गप्प आहेत. पण त्या मुलीला असं सोडून द्यायला मन होत नाही, म्हणून उद्या नणंदेला घेऊनच बालकल्याण समितीच्या ऑफिसात जाणारे, निदान तिच्यापर्यंत कुणीतरी नीट पोचेल. बाळाबद्दल आम्ही तिथे एक शब्दही विचारणार नाही.

आमचं वय बघता पाचच्या वरचं मूल किंवा भावंडं, दोघांनाही चालेल असं आम्हाला वाटतंय. यूकेत राहून भारतातून कुणी घेतलं असेल तर सांगा, होम स्टडीत चर्चबद्दल आणि घरच्यांच्या मताबद्दल किती खोलात विचारतात? सासूबाईंशी पण बोलतात का?