एकट्या सर्व्हरवर पोस्टग्रेस: थेट एपीटीने की डॉकरमध्ये?

उंबरठा
आधी माझं मत सांगतो, मग खुशाल झोडा. एक सर्व्हर, एक डेटाबेस आणि सांभाळणारा एकटा जीव, तिथे डॉकरचा, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायचा, घाट कशाला? डेबियन लिनक्सवर एपीटीने (पॅकेज बसवणाऱ्या कमांडने) पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकला की त्याचा वेगळा यूजर तयार होतो, सिस्टिमडी (सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस चालू करतं आणि ती फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून, ऐकते. अनअटेंडेड-अपग्रेड्स लावून ठेवलं की सुरक्षेचे पॅच आपण झोपेत असताना येतात. 2014 ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत हार्टब्लीड हे भगदाड सापडलं तेव्हा पॅकेजवाल्यांनी ती एकदा अपडेट करून सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या. कंटेनरमध्ये प्रत्येक इमेजच्या (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याच्या) पोटात वेगळी कॉपी. कुठे कुठे शोधणार?

रात्रपाळी
हे सगळं सर्व्हर जिवंत आहे तोवर. तो मेला की दोन वर्षांत कुठल्या कॉन्फिगमध्ये काय बदललं ते आठवत बसा. माझी कंपोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली) गिटमध्ये, बदलांच्या इतिहासासकट, आहे. नवं मशीन, बॅकअप, चहा होईपर्यंत काम सुरू. शिवाय डेबियन 12 वर तुम्हाला पोस्टग्रेस 15 मिळतो. अ‍ॅपला 16 हवा असेल तर?

उंबरठा
तर पोस्टग्रेसवाल्यांचीच एपीटी रिपॉझिटरी जोडायची, 16 पण मिळतो. आणि जुन्याला इतकं हिणवू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये चोरदरवाजा सापडला, तेव्हा त्या आवृत्त्या डेबियन स्टेबलपर्यंत, म्हणजे जुन्या पण पारखलेल्या पॅकेजेसच्या शाखेपर्यंत, पोचल्याच नव्हत्या.

रात्रपाळी
सापडला कुणाला? आंद्रेस फ्रॉइंडला, म्हणजे पोस्टग्रेसच्याच डेव्हलपरला. एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खणत गेला. आणि ते मशीन होतं डेबियन अनस्टेबलवर! सगळेच तुमच्यासारखे स्टेबलवर पाय पसरून बसले असते तर?

चिंचोका
मध्येच तोंड घालतो. डॉकरने पोस्टग्रेसचं पोर्ट 5432 पब्लिश केलं की तो आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो. यूएफडब्ल्यूमध्ये (फायरवॉल सोपी करणाऱ्या साधनात) तुम्ही ते पोर्ट बंद केलेलं असलं तरी बाहेरून उघडं. मी हे स्वतःच्या मशीनवर करून बसलोय. पोर्टपुढे 127.0.0.1 (लोकलहोस्टचा पत्ता) लावायचं विसरलो, चूक माझीच. पण नवख्याला हे सुचणार कसं?

रात्रपाळी
डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचायचं कुणी?

उंबरठा
वाचणारेही इमेजला आवृत्तीच्या आकड्याऐवजी 'लेटेस्ट' टॅग लावतातच की. एक दिवस नवी इमेज पुल केली, 15 चं 16 झालं, आणि पोस्टग्रेस म्हणतो डेटा डिरेक्टरी जुन्या आवृत्तीची आहे, मी सुरू होणार नाही. डेबियनमध्ये त्यासाठी पीजी-अपग्रेडक्लस्टर ही डेटा नव्या आवृत्तीवर नेणारी कमांड आयती आहे.

रात्रपाळी
हे मान्य. कंटेनरमध्ये मेजर अपग्रेड म्हणजे डंप काढा, नवीन व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) करा, परत भरा. वैताग आहे. पण 'लेटेस्ट' लावणाऱ्याचं पाप डॉकरच्या माथी नको, टॅगमध्ये 15 लिहायला किती वेळ लागतो?

उंबरठा
बरं, चार पावलं मागे येतो. अ‍ॅप कंटेनरमध्ये, पोस्टग्रेस बाहेर. पण कालपासून तेच करतोय आणि कंटेनरला माझा लोकलहोस्टवरचा पोस्टग्रेस दिसत नाहीये.

रात्रपाळी
😂 म्हणजे हा धागा त्यासाठी होता होय! कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः.

चिंचोका
पोस्टग्रेस डॉकरच्या ब्रिजच्या (मशीन आणि कंटेनर जोडणाऱ्या आभासी नेटवर्कच्या) आयपीवर ऐकवायच्या फंदात पडू नका. बूट होताना डॉकरच्या आधी पोस्टग्रेस उठला तर तो आयपी अजून जन्मलेलाच नसतो. व्हार-रन मधली पोस्टग्रेसक्यूएल डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करा आणि त्यातल्या सॉकेट फाइलवरून, नेटवर्कशिवाय, जोडा. पीजी-एचबीए फाइलमध्ये (कुणाला कसं आत घ्यायचं ते लिहिलेल्या) 'पीअर', म्हणजे सिस्टिमच्या यूजरवरून ओळख पटवणं, असेल तर तेवढी ओळ बघा, तिथे अडकाल.