बाइकचं लोन २०१९ लाच फिटलंय तरी सिबिलला थकबाकी दाखवतंय, पैसे भरून मोकळा होऊ का?

उद्यमनगरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. मी उद्यमनगरात सीएनसीवर कामाला हाय. कळंब्यात वन बीएचके बघितलाय, बिल्डरला एक लाख टोकन देऊन बसलोय आणि परवा बँकेतनं फोन आला की होम लोन होणार न्हाई, तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरनं काढलेला आकडा, ६०८ आहे. मला खरंच वाटलं त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी बघितलं असंल, कारण हप्ता म्हटलं की आमच्या घरात आधी तो बाजूला काढतात आणि मग किराणा. रिपोर्ट डाउनलोड केला तर २०१७ ला एका फायनान्स कंपनीकडनं घेतलेलं बाइकचं लोन अजून चालूच दाखवतंय, ओव्हरड्यू १,८४७ रुपये, आणि खाली महिन्यांच्या ज्या चौकटी असतात त्यात ओळीनं ९००, ९००, ९००, म्हणजे हप्ता इतके दिवस थकलाय म्हणं.

हे लोन मी मे २०१९ ला फेडलंय. कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र, एनओसी हाय, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा पण उतरवलाय. एनओसी घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो सिस्टीमला बाउन्स चार्ज, म्हणजे हप्ता परत गेल्याचा दंड दिसतोय, १,८४७ भरा, सेटलमेंट करून देतो. आणि आमच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीचा एजंट हाय तो म्हणतो १२ हजार द्या, महिन्यात सगळा रिपोर्ट साफ. टोकनची मुदत दीड महिना उरलीय. रात्रीची झोप न्हाई बघा. १,८४७ काय मोठी रक्कम न्हाई, भरून टाकू का?

निवृत्त_कॅशियर

भरू नका. आधी हे वाचा आणि मग काय ते करा.

सेटलमेंट या शब्दात सगळी मेख आहे. सेटलमेंट म्हणून पैसे घेतले की रिपोर्टवर खातं 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं, आणि सेटल्ड म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड केली, असा अर्थ कुठलीही बँक काढते. तुम्ही पै न पै फेडून वर तो शिक्का विकत घेताय. एनओसीवर काय लिहिलंय ते नीट बघा, 'कोणतीही रक्कम येणे बाकी नाही' असं वाक्य असेल तर नंतर कसला बाउन्स चार्ज?

दुसरं म्हणजे ब्युरो, म्हणजे सिबिलसारखी कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी, स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही, कर्ज देणारा जे पाठवतो तेच छापतो आणि त्याने होकार दिल्याशिवाय ते बदलताही येत नाही. म्हणून एकाच दिवशी दोन्हीकडे तक्रार टाका. ब्युरोच्या साइटवर लॉगिन करून त्या खात्यावर डिस्प्यूट, त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज. सोबत एनओसी, शेवटचा हप्ता गेला ती पासबुकातली नोंद आणि बोजा उतरलेल्या आरसीची झेरॉक्स. ओरिजिनल कुणाच्याही हातात देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच बाहेर पडा, पोच देत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल करा. मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नाही.

ती तारीख एवढ्यासाठी की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला ब्युरोकडे सुधारित माहिती पाठवायला असतात. ३० च्या वर गेलं तर २६ एप्रिल २०२४ पासून रोजचे १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायची आहे, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायची. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, १४४४८ वर फोन करून विचारा.

कागलची_लेक

कॅशियर काकांनी सांगितलंय ते अगदी बरोबर, माझं एक ऐका दादा. चारही ठिकाणचे रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. माझ्या आईच्या नावावर बचत गटातल्या दुसऱ्याच बाईचं कर्ज चढलं होतं, नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच, आई बिचारी मी कुणाचं पैसं बुडवलं न्हाई ओ म्हणून रडायला लागली. आम्ही एका ब्युरोत 'हे खातं माझं नाही' असा डिस्प्यूट टाकला, आधार पॅन जोडलं, ते निघालं, आणि आम्ही निवांत बसलो. सहा महिन्यांनी दुसऱ्या बँकेत गेलो तर त्यांनी दुसऱ्याच ब्युरोचा रिपोर्ट काढलेला आणि त्यात ते कर्ज तसंच. पुन्हा पहिल्यापासनं सगळं. पत्ता, जन्मतारीख, पॅन पण तपासा, घोळ तिथनंच सुरू होतो.

शिरोली_एमआयडीसी

एजंटच्या नादाला लागू नका भावा. माझ्या मेव्हण्यानं दिले होते ८ हजार, त्यानं मेव्हण्याच्याच मोबाइलवर ओटीपी मागून साइटवर तोच फुकटचा डिस्प्यूट टाकला, दुसरं काय केलं न्हाई. आणि आता घाबरून चार बँकांत लोनला अर्ज करत फिरू नका, प्रत्येक बँक रिपोर्ट काढते ती एन्क्वायरी म्हणून चढते, स्कोअर अजून खाली येतो. स्वतः कितीबी वेळा बघा, त्यानं काय होत न्हाई. बिल्डरकडनं मुदतवाढ मात्र आजच लिहून घ्या, तोंडी नको.

उद्यमनगरचा_टर्नर

सगळ्यांचं मनापासनं आभार. एनओसी बघितली, 'नो ड्यूज' स्पष्ट लिहिलंय. काल अर्धी सुट्टी टाकून अर्ज दिला, पोरगा शिक्का मारायला तयार न्हवता, काकांनी सांगितल्यासारखं तिथंच खुर्चीवर बसून ईमेल टाकला, मग आतनं मॅडम आल्या आणि शिक्का मारून दिला. बिल्डरनं एक महिना वाढवून दिलाय.

उद्यमनगरचा_टर्नर

अपडेट देतो, आज २३ वा दिवस. सिबिलला खातं क्लोज्ड झालंय, ओव्हरड्यू शून्य, ती ९०० ची ओळ पण गेली. बायकोला दाखवलं तर तिनं तीनदा स्क्रोल करून बघितलं. बँकेत उद्या नवीन रिपोर्ट घेऊन जातोय. एक्स्पेरियनला मात्र अजून जुनंच दिसतंय, तिथं आत्ता डिस्प्यूट टाकला.