दुसऱ्या क्रमांकाची निवड समोर असताना कॉलेजात का थांबायचं?

साउथबेंडवासी | २९ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. महिला कॉलेज बास्केटबॉल नेमाने बघणारं इथे कोणी असेल तर जरा मदत हवी आहे.

आम्ही इंडियानात साउथ बेंडला राहतो. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या संघात पॉइंट गार्ड (संघाचे डाव रचणारी) खेळते. ऑलिव्हिया माइल्स इथल्या नोटर डेम विद्यापीठात खेळायला आल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तिचा गुडघा गेला आणि पुढचा अख्खा सीझन तिने बाहेर बसून काढला, तरी आमच्या लेकीचं लक्ष सामन्यापेक्षा बेंचवर बसलेल्या तिच्याकडेच असायचं. यंदा ती परतली आणि असे काही पास दिले की बघणाऱ्याने बघत राहावं! डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक महिला लीगचे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये पेज ब्यूकर्सच्या पाठोपाठ हिचंच नाव येणार, असं जो तो म्हणत होता.

२९ मार्चला आम्ही टेक्ससच्या टीसीयू विद्यापीठाकडून ७१-६२ हरलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं की ती ड्राफ्टला जात नाहीये, आणि नोटर डेमलाही राहत नाहीये. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) ती टीसीयूलाच गेली. तिचा निर्णय, तिचं आयुष्य. पण लेक विचारते, "आई, डब्ल्यूएनबीए सगळ्यात वर ना? मग वर बोलावत असताना कोण थांबतं?" मला उत्तर देता येत नाही. पैशांचं कारण असतं का? आणि मुलगे ड्राफ्टला नाव देऊन अंदाज घेतात, नाही जमलं तर मागे घेतात, तसं मुलींना का करता येत नाही?

---

डॅलस_उत्तर

पैसे हेच कारण, आणि ते साधं आहे. यंदा पहिल्या चार निवडींपैकी कुणालाही पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. ब्यूकर्सलाही तेवढाच. दुसऱ्या फेरीत निवड झाली तर ६९,२६७. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घेता येतात. मोठ्या संघातल्या नावाजलेल्या मुलीला त्यातून याहून जास्त मिळू शकतात. शिवाय राहणं, जेवण, शिक्षण फुकट. मग घाई कशाला करायची?

---

क्रेडिट_अवर्स

साउथबेंडवासी ताई, मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात खेळाडूंची ॲकॅडमिक ॲडव्हायझर आहे. बास्केटबॉलमधले डावपेच मला प्रशिक्षकांइतके कळत नाहीत. पण मार्च सरत आला की या मुली ज्या ऑफिसात येऊन दार लावून घेतात, ते माझं असतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. मुलींना नाव देऊन मागे घेता येत नाही. मुलगे एनबीएच्या ड्राफ्टला नाव देतात, संघांसमोर खेळून दाखवतात आणि ठरलेल्या तारखेपर्यंत कॉलेजात परतू शकतात. डब्ल्यूएनबीएत जायचं तर कॉलेजात खेळायची पात्रता शिल्लक असलेल्या मुलीला ती सोडल्याचं लेखी कळवावं लागतं, आणि एकदा कळवलं की परत येणं नाही. तेही कुणालाही करता येत नाही. अमेरिकन मुलगी ड्राफ्टच्या वर्षात २२ वर्षांची होणारी हवी, किंवा तिची पदवी पूर्ण होत आलेली हवी, किंवा हायस्कूल संपून चार वर्षं झालेली हवीत. अमेरिकेबाहेर खेळणाऱ्या मुलीला २० पुरतात. यंदा सिएटलने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेली फ्रान्सची डॉमिनिक मलोंगा २००५ सालची. यूएससी विद्यापीठाची जुजू वॉटकिन्सही २००५ चीच, पण तिला २०२७ पर्यंत थांबावंच लागणार. हा फरक मला कधीच पटलेला नाही. असो.

आता मुदत. ड्राफ्टच्या दहा दिवस आधी कळवायचं. त्या तारखेला जिचा संघ अजून स्पर्धेत आहे तिला शेवटच्या सामन्यानंतर ४८ तास मिळतात. ताई, हे ४८ तास नेमके कोणते असतात ते लक्षात घ्या. सीझनमधला सगळ्यात मोठा पराभव पचायचा असतो, किंवा विजयाच्या मिरवणुकीत उभं राहायचं असतं. रात्री विमानाने परतायचं, सकाळी फोन सुरू. प्रशिक्षक, एजंट होऊ बघणारे, मावशी, हायस्कूलचे कोच, सगळे बोलतात. आणि मंगळवारी माझ्याकडे स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो. अशा वेळी आयुष्याचा निर्णय घ्यायला लावणं मला क्रूर वाटतं, आणि हे मी आमच्या बैठकांमध्येही बोलले आहे.

डॅलस_उत्तर यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण एक गोष्ट राहिली. हा पगार निवड झाल्याचा नसतो, संघात टिकल्याचा असतो. यंदा लीगमध्ये १३ संघ आहेत, प्रत्येकात फार तर १२ जणी. म्हणजे जगभरातून जास्तीत जास्त १५६ जागा, त्यातल्या बहुतेकींवर आधीच कुणीतरी बसलेलं. पगाराची मर्यादा कडक असल्याने काही संघ बाराव्या जागेवर कुणाला घेतही नाहीत, अकरावर भागवतात. ड्राफ्ट १४ एप्रिलला झाला, संघांचे सराव कॅम्प २७ ला सुरू झाले आणि सीझन १६ मेला सुरू होईल. तिसऱ्या फेरीत नाव पुकारलं गेलेल्या मुलीचा हातात जर्सी घेतलेला फोटो घरी भिंतीवर लागायच्या आत ती कट झालेली असू शकते. कॉलेजची पात्रता मात्र तिने आधीच सोडलेली असते.

पहिल्या क्रमांकालाही अभय नाही. चार्ली कॉलियर टेक्ससमधून ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या, वर्षानंतर निघाली, २०२१ मध्ये डॅलसने तिला सर्वांत आधी निवडलं आणि दोन सीझननंतर, २०२३ मध्ये, सोडून दिलं. उलट ज्युएल लॉइड (२०१५) आणि जॅकी यंग (२०१९) दोघी तुमच्याच नोटर डेममधून एक वर्ष शिल्लक ठेवून गेल्या, दोघी पहिल्या क्रमांकावर, आणि दोघींनी पुढे विजेतेपदं मिळवली. त्यामुळे "लवकर जाणं चूक" असं सरसकट म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मी मुलींना एवढंच विचारते: तिथे तुझी जागा रिकामी आहे का? तुझ्या पोझिशनला त्या संघात कोण आहे, तिचा करार कधी संपतो, संघ तुला खेळवणार की बसवणार? बऱ्याच जणींनी मॉक ड्राफ्ट (कोणाची निवड कुठे होईल याचे अंदाज) पाठ केलेला असतो, पण रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) उघडून पाहिलेला नसतो. आम्ही तो माझ्या कॉम्प्युटरवर एकत्र बघतो. एक फॉरवर्ड होती, कॉन्फरन्समध्ये नावाजलेली, अंदाज दुसऱ्या फेरीचा. आम्ही एकेक संघ उघडत गेलो, आणि सहाव्या-सातव्या संघापाशी ती म्हणाली, "मॅम, पुढचे नको." ती थांबली. एक वर्ष लांबून शॉट मारायची तयारी केली. आज ती युरोपात खेळते, डब्ल्यूएनबीएत नाही. पण हातात पदवी आहे आणि ती खूश आहे.

थांबून फायदा झाल्याचं ताजं उदाहरण टीसीयूचंच आहे. हेली व्हॅन लिथने २०२४ मध्ये एलएसयू विद्यापीठातलं अवघड वर्ष संपल्यावर ड्राफ्टला न जाता कोविडमुळे मिळालेलं पात्रतेचं जास्तीचं वर्ष वापरलं, टीसीयूला गेली, संघाला पहिल्यांदा एलिट एटपर्यंत, म्हणजे स्पर्धेतल्या शेवटच्या आठ संघांत, नेलं आणि यंदा शिकागोने तिला अकराव्या क्रमांकावर घेतलं. तिच्या जाण्याने टीसीयूत पॉइंट गार्डची जागा मोकळी झाली. ऑलिव्हिया माइल्स तिथेच गेली. तिच्या मनातलं मला माहीत नाही. पण बाहेरून बघताना मला त्यात गोंधळ दिसत नाही, रिकामी जागा नीट हेरलेली दिसते. ड्राफ्टमध्ये संघ तुम्हाला निवडतो, पोर्टलमध्ये तुम्ही संघ निवडता. चार वर्षांत एक अख्खा सीझन गुडघ्यापायी गमावलेल्या मुलीला ही मोकळीक मोलाची वाटली असेल तर मला नवल नाही.

आणि यंदा एक खास कारण आहे. खेळाडू संघटनेने गेल्या ऑक्टोबरमध्येच लीगबरोबरच्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं, सध्याचा करार ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. २०२६ पासून टीव्हीचे नवे करार सुरू होतात, ११ वर्षांचे, सुमारे २.२ अब्ज डॉलरचे. पगार वाढणार हे उघड आहे. मग जुन्या दरात सही करण्यापेक्षा एक वर्ष थांबावं, असं पहिल्या पाचातल्या मुलीलाही वाटू शकतं. एरवी पहिल्या चारांत नक्की येणाऱ्या मुलीला मी "जा" म्हणाले असते. यंदा म्हणाले नसते.

---

फिजिओ_कोलंबस

क्रेडिट_अवर्स, तुमचं बहुतेक पटलं, पण शरीराचा हिशेब तुम्ही कमी धरलात असं वाटतं. मी गुडघ्याच्या रुग्णांबरोबर काम करतो. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि एकदा फाटलेल्या मुलीला पुन्हा तीच भीती अधिक. थांबलेलं वर्ष म्हणजे कॉलेजात गुडघा पणाला लावून खेळलेली आणखी मिनिटं. २४ मार्चला जुजू वॉटकिन्स गुडघा जाऊन कोसळली तेव्हा मी टीव्ही बंद केला. तिला तर निघून जायचा पर्यायच नव्हता. ज्यांना आहे त्यांनी तो वापरावा.

ब्यूकर्स २०२४ च्या ड्राफ्टला न जाता थांबली आणि यंदा पहिली निवड झाली, हे खरं. पण तिचं २०२२-२३ गुडघ्यापायी वाया गेलं होतं, तिला ते वर्ष भरून काढायचं होतं. शिवाय ६ एप्रिलला साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून विजेतेपद मिळालं म्हणून आपण ती गोष्ट गोड शेवटाने सांगतो. सॅब्रिना आयनेस्कूचं आठवा. २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊ शकत असताना ती ओरेगनला परतली, ती विजेतेपदासाठी. मार्च २०२० मध्ये स्पर्धाच रद्द झाली. त्याच संघातली सटू सबाली ज्युनियर वर्षानंतर निघाली आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. दोघी एकाच ड्राफ्टमध्ये!

---

क्रेडिट_अवर्स

फिजिओ_कोलंबस, दुखापतीचा मुद्दा मान्य. पण गुडघा व्यावसायिक झाल्यावरही फाटतो. कॅमेरन ब्रिंकने २०२४ मध्ये स्टॅनफर्डमधलं जास्तीचं वर्ष न घेता ड्राफ्ट निवडला, आणि जूनमध्ये तिचा एसीएल गेला. शस्त्रक्रियेनंतर कोणती मुलगी कुठे जास्त सुरक्षित, हे तिच्या डॉक्टरने सांगावं. मी नाही, एजंटने तर नाहीच.

आयनेस्कूबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. त्या परतलेल्या वर्षातच ती २००० गुण, १००० रिबाउंड आणि १००० असिस्ट करणारी एनसीएएतली (कॉलेज खेळांच्या संघटनेतली) पहिली खेळाडू ठरली. कप नाही मिळाला, पण वर्ष वाया गेलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

---

ह्यूस्टन_आजोबा

माझी नात नाही, पण आमच्या शेजारच्या घरातली एक मुलगी स्टुडंट व्हिसावर खेळते. तिच्यासाठी वरचा सगळा हिशेब बदलतो. एफ-१ वर असल्याने अमेरिकेत काम करून जाहिरातींचे पैसे घेणं तिला जवळजवळ अशक्य. संघातल्या मैत्रिणींकडे गाड्या आल्या, तिच्याकडे नाही. म्हणून बाहेरून आलेल्या मुली लवकर निघाल्या तर त्यांना अधीर म्हणू नये. युरोपात पगार मिळतो. रटगर्सच्या एपिफनी प्रिन्सने तर अमेरिकन असूनही २००९ मध्ये तुर्कीची वाट धरली, कारण डब्ल्यूएनबीए तेव्हा तिला घेऊ शकत नव्हती. पुढच्या वर्षी शिकागोने तिला चौथ्या क्रमांकावर निवडलं.

---

साउथबेंडवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला रात्री वाचून दाखवलं. "जागा रिकामी आहे का" हे तिला लगेच कळलं, कारण तिच्याच संघात दोन पॉइंट गार्ड आहेत. फिजिओ_कोलंबस, गुडघ्यांसाठीचे व्यायाम या वयात सुरू करायचे का, ते कृपया वेगळा धागा काढून लिहाल का?

क्रेडिट_अवर्स, अजून एक. जी मुलगी जायचं ठरवते तिच्या पदवीचं काय होतं? एप्रिलच्या शेवटी कॅम्प म्हणजे परीक्षा तर मेमध्ये.

---

क्रेडिट_अवर्स

तोच माझा खरा मोसम! प्राध्यापकांशी मार्चमध्येच बोलून ठेवावं लागतं. काही जण पेपर आधी घेतात, काही ऑनलाइन देखरेखीखाली घेतात, काहींकडे "इन्कम्प्लीट" घेऊन उन्हाळ्यात निबंध पाठवावा लागतो. मी सगळ्यांना सांगते की चौथ्या वर्षाच्या वसंतात प्रयोगशाळेचा विषय ठेवू नका, तो कॅम्पमधून पूर्ण होत नाही. पदवी बाकी ठेवून गेलेल्या मुलीने परत येऊन ती पूर्ण करायला विद्यापीठ किती वर्षांपर्यंत आणि कशासाठी खर्च देणार, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावं. तोंडी आश्वासन देणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलेला असतो.

आणि एजंटबद्दल. जाहिरातींचे करार बघणारा एजंट कॉलेजात असताना चालतो. व्यावसायिक खेळाच्या करारासाठी एजंट नेमला, अगदी तोंडी हो म्हटलं, तरी पात्रता धोक्यात येते. त्या ४८ तासांत फोन करणारा माणूस या दोहोंपैकी कोण, हे आधी विचारायचं आणि मग पुढचं बोलायचं. तुमची लेक अजून आठवीत आहे, पण हायस्कूलमध्येही हे फोन येतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.