उलट्या-जुलाब: पोराला सलाईन लावून आणावी का?

उत्तरेश्वर_पेठेतली_आई (शुक्रवार, सकाळी)

बुधवारी रात्री २ वाजता पोरगं उठलं आणि अंथरुणातच भडाभडा उलटी केली. वय ६, वजन १८ किलो. उजाडेपर्यंत पाच उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. अंगात कणकण, ताप शंभरच्या आत. आज पहाटेपासून सासूबाईंनाही तेच सुरू झालंय. वय ६८, बीपीची गोळी चालू. वर्गातली चार पोरं गैरहजर आहेत म्हणे.

घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात, पाणी पाजलं की उलटतंय, तर पोट कोरडं ठेव. शेजारच्या काकू जायफळ उगाळून ठेवून गेल्या. आमचे हे म्हणतात, सलाईन लावून आणू, तासाभरात पोरगं उड्या मारतंय बघ. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं काही न विचारता अँटिबायोटिकची पट्टी आणि ओआरएसचं पाकीट हातात दिलं. त्यातलं चमचाभर ग्लासात कालवून दिलं. पोरानं एका दमात प्यायलं आणि एका दमात बाहेर काढलं.

पंचगंगा चढलीय, नळाला गढूळ पाणी येतंय. त्यानं झालं असेल का? का रविवारी रंकाळ्यावर भेळ खाल्ली त्यानं? दोन रात्री झोप नाही, काय सुचंना झालंय.

तालमीतला_भावा

वहिनी, थंडगार सोड्यात लिंबू पिळून द्या, पोट एकदम साफ. आमच्यात सगळ्यांना तेच देतात. नाद खुळा उपाय.

निवृत्त_सिस्टर

भावा, सोडा तू पी. सहा वर्षांच्या पोराला नको.

ताई, २९ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी लहान मुलांच्या. तुमचं वाचून हे पोटातल्या व्हायरसचं दिसतंय. लोक याला पोटाचा फ्लू म्हणतात, पण खऱ्या फ्लूशी याचं नातं नाही. त्यातला नेहमीचा नोरोव्हायरस. तो अंगात शिरला की १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू होतात. भेळ रविवारची, त्रास बुधवारी रात्री, म्हणजे भेळेवर आळ घेऊ नका. गढूळ पाण्यानं बहुतेक वेळा सगळ्या गल्लीलाच लागतं. तुमच्याकडं आधी वर्गात, मग पोराला, मग त्याची उलटी पुसणाऱ्या आजीला, असं एकाकडून दुसऱ्याकडं आलंय. आजीनंच पुसली ना? तरी नदी उतरेपर्यंत पाणी उकळूनच प्या.

व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट त्यानं जुलाब वाढू शकतात. पट्टी परत करा. जुलाब बांधायची गोळीही पोराला स्वतःच्या मनानं देऊ नका. जायफळ थांबवा. लहान पोराला जास्त झालं तर गुंगी येते, आणि मग ती गुंगी जायफळाची की अंगातलं पाणी कमी झाल्याची, हे डॉक्टरलाही पटकन कळत नाही.

आता सलाईन. पोरगं जागं आहे, गिळतंय, तर सुई कशाला? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजे हेच ओआरएस, पिंपात कालवून लोकांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. हे तुमच्या ह्यांना वाचून दाखवा.

तुमचं चुकलं ते दोन ठिकाणी. पाकीट अंदाजानं कालवायचं नसतं. त्यावर १ लिटर लिहिलंय तर पूर्ण पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत, घट्ट झालं तर जुलाब वाढतात. दुसरं म्हणजे ग्लास. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग छोटा चमचा, दर दोन मिनिटांनी एक. घड्याळ समोर ठेवा. पोरगं तहानेनं ग्लास मागेल, रडेल, तरी चमचाच. उलट्या थांबल्या की प्रत्येक जुलाबामागं १०० ते २०० मिली, सावकाश. पाकीट नसेल तर १ लिटरला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. उसाचा रस, कोल्ड्रिंक नको, जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

आणि जुलाब मोजत बसू नका, लघवी मोजा. कॅलेंडरवर टिकली मारा. आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोरगं मलूल पडलं, जुलाबात रक्त, हिरवी उलटी किंवा चमचाभरही टिकत नसेल, तर रात्र असो नाहीतर पाऊस, सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, गाठा. तेव्हा सलाईन लागते, आणि तेव्हा मी ह्यांच्या बाजूनं.

पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना झिंक देतात, १४ दिवस. तुमच्या पोराला द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. सासूबाईंसाठी डॉक्टरांना फोन मात्र आजच करा. अंगातलं पाणी कमी झाल्यावर बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवीच्या, किडनीला झेपत नाहीत. चालू ठेवायची की नाही ते डॉक्टर सांगतील.

सॅनिटायझरवर विसंबू नका, या व्हायरसवर तो कमी पडतो. साबण आणि पाणीच. उलटीची जागा आधी पुसून घ्या, मग ५ टक्के ब्लीच १०० मिली ५ लिटर पाण्यात घालून त्यानं पुसा, जागा पाच-दहा मिनिटं ओली राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. संडासच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका.

उत्तरेश्वर_पेठेतली_आई (शनिवार, रात्री)

आजीनंच पुसली होती, हो. तुम्हाला कसं कळलं?

काल सकाळी ११ ते दुपारी २ चमचा-चमचा केलं. ह्यांनी मोबाईलवर दर दोन मिनिटांचा गजर लावला, त्या आवाजानं मलाच वेड लागायची पाळी आली. एक उलटी झाली, मग नाही. टिकल्या काल दोन, आज पाच. सासूबाईंची गोळी डॉक्टरांनी दोन दिवस थांबवलीय. आज पोरानं मऊ भात आणि ताक खाल्लं. शाळेत कधी पाठवू? आणि हे विचारतात, उद्या रविवार आहे, मटण आणू का?

निवृत्त_सिस्टर

शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पूर्ण ४८ तास घरी. जुलाब आज थांबले असतील तर मंगळवार.

मटण आणू दे. पांढरा रस्सा नारळाचा, जड पडेल, पोराला पुढच्या रविवारी. उद्या अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्यात, भात कालवून द्या. तांबडा रस्सा ह्यांना, गजराची मजुरी म्हणून.