मदत हवी आहे: जमिनीचं ऋण मानायचं, पण पाठांतर वाटू नये

कॅनडात, ओटावात फेडरल (केंद्र सरकारच्या) नोकरीत आहे. ३० सप्टेंबरच्या (आदिवासींवरच्या अन्यायाची आठवण ठेवायच्या दिवसाच्या) सुट्टीआधीची टीम मीटिंग मला सुरू करायचीय: ही जमीन अल्गॉन्किन अनिशिनाबे या आदिवासी लोकांची, त्यांनी ती करार करून कधीच दिलेली नाही, हे दोन मिनिटांत सांगून.

निवासी शाळांवरचं (जिथे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवत) ट्रेनिंग झालंय. ब्लँकेट एक्सरसाइजही केली. त्यात ब्लँकेटं म्हणजे आदिवासींची जमीन; पायाखालची ती घडी होत होत शेवटी उभं राहायलाही जागा उरत नाही. ऑफिसचा तयार मजकूर मोठ्याने वाचून पाहिला, तर सत्यनारायणाच्या संकल्पासारखा घडाघडा निघतो! टीममधल्या एकमेव आदिवासी सहकारिणीलाच विचारून तिच्यावर भार टाकायचा नाही.

आपण स्वतः बाहेरून आलेले, हे त्यात आणावं का? ज्यांनी हे केलंय, त्यांनी पहिलं वाक्य काय ठेवलं?