अनुभव धागा: स्वस्तातलं नेट आणि ते नेमकं हवं होतं तो दिवस

टिळकवाडीची_नात
गणपतीच्या मखराचं सामान काढायला काल माळ्यावर चढले. थर्माकोलच्या खाली जुना राउटर सापडला. पांढरा, एक अँटेना मोडलेला. त्याच्या पाठीवर पप्पांनी चिकटपट्टीने लावलेला कागद अजून तसाच होता. मास्तरी अक्षरात एकाखाली एक अकरा तक्रार क्रमांक, तारखांसकट. शेवटची तारीख 13 ऑगस्ट 2021. नागपंचमी.

तिथेच माळ्यावर बसले.

तेव्हा महाराष्ट्रातून इकडे कर्नाटकात, बेळगावला यायला कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा. दादा कोल्हापुरात, आणि त्याचा रिपोर्ट नेमका पॉझिटिव्ह आलेला. आज्जी अंथरुणावर. तिचा एकच धोसरा, पंचमीला नातवाला बघायचंय. सकाळी तिने हट्टाने चांगलं लुगडं नेसवून घेतलं, चष्मा पुसून घेतला. मागच्या खोलीत मोबाईलची रेंज कधीच नव्हती, तिथे वायफायच. व्हिडिओ कॉल लावला, दादाचा चेहरा आला, "आज्जी..." एवढं ऐकू आलं आणि चित्र गोठलं. तोंड अर्धवट उघडं, तसंच. आज्जीला ते कळलंच नाही. ती त्या गोठलेल्या चेहऱ्याशी बोलत राहिली. जेवलास का, ताप उतरला का, दुधात हळद घे. स्क्रीनवरून बोट फिरवत होती. पप्पा दुसऱ्या खोलीतून कंपनीला फोन लावत होते. तिचं बोलणं संपलं आणि मग राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. लाईन तिसऱ्या दिवशी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात आज्जी गेली.

ते कनेक्शन 399 चं होतं, "सहा महिन्यांचे भरा, दोन महिने मोफत". शेजारच्या काकूंकडे 699 चं होतं, ते त्या दिवशी चालू होतं. पप्पांना मी कधी बोलले नाही, बोलणारही नाही. निवृत्तीच्या पैशात चार घरं बघून माणूस तेच घेतो. पण आज दाराच्या फटीतून परत तसंच पत्रक आत आलंय, 100 एमबीपीएसचा वेग 399 ला, आणि पप्पा एकटे राहतात. तुमच्याकडे काय झालं, तुम्ही कसं ठरवलंत, सांगा.

खानापूर_स्टुडिओ
ताई, गलबलून आलं. गिऱ्हाईक उभं आहे, रात्री लिहितो.

शहापूरची_वहिनी
अगं आमच्यात पण तेच की. 2020 ला पोरगं पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. सकाळी नऊला क्लास सुरू आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आमचं नेट गायब. गल्लीतले सगळे त्याच वायरवर. पोरगं समोरच्यांच्या पायरीवर वही घेऊन बसायचं, त्यांचं वायफाय धरून. पावसात छत्री एका हातात. मला ते बघवायचं नाही. शेवटी मी आणि जाऊबाई, दोघींनी भिशीतले पैसे काढून चांगलं कनेक्शन घेतलो. दोन्ही घरांत मिळून एक. महिन्याला साडेतीनशे प्रत्येकी, म्हणजे आधीच्यापेक्षा कमीच पडलं बघ! मी तर सगळ्यांना हेच सांगतो, स्वस्त दोन घेण्यापेक्षा चांगलं एक वाटून घ्या. कुकर झाला, जातो.

पुण्यात_आजोळ_बेळगाव
वहिनी, "घेतलो", "सांगतो" वाचून डोळ्यांसमोर माझी मावशी उभी राहिली. ती पण असंच बोलायची, "मी येतो गं". पुण्यात कुणी ऐकलं की हसायचे, मला मात्र ते ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं. विषय सोडून लिहिलं, माफ करा.

शहापूरची_वहिनी
माफी कसली री. या एकदा, मांडे खायला.

लाईनवाला_अनगोळ
मी फायबर ओढायचं काम करतो, बारा वर्षं झाली. दोन्ही प्रकारच्या कंपन्यांत राबलोय म्हणून सांगतो. तुमच्या राउटरवरचा लाल दिवा म्हणजे एलओएस, घरापर्यंत उजेडच पोचत नाही. फायबर कुठेतरी तुटलंय किंवा जॉईंट गेलाय. जॉईंट नीट करायचा तर स्प्लायसिंग मशीनने दोन काचेची टोकं वितळवून जोडावी लागतात, वर बंद डबा बसवावा लागतो. स्वस्तवाल्यांकडे तेवढी मशीन नसतात, माणसं नसतात. मग फास्ट कनेक्टर लावायचा, वर टेप गुंडाळायची, आणि पाण्याची बाटली अर्धी कापून त्यात जॉईंट कोंबून खांबाला बांधायचा. मी स्वतः बांधलेत तसे, साहेबांनी सांगितलं म्हणून. आषाढात त्या बाटलीत पाणी साठतं. एकदा एक उघडली तर आत मुंग्यांचं वारूळ आणि शेवग्याचा पाला.

दुसरं, एका फायबरवर उजेड वाटून देणारा स्प्लिटर लावून 32 घरं देतात, कुणी 64 देतात. पुढची मोठी लाईन भरपूर घेतली असेल तर काही होत नाही. पण ती कमी घेतली की रात्री आठ ते अकरा सगळ्यांचं रडतं. पत्रकावर 100 लिहिलेलं असतं ते "पर्यंत" असतं. तो शब्द बारीक अक्षरात.

काकांना सांगा, कनेक्शन देताना मुलगा फायबरमधला उजेड मोजणारा पॉवर मीटर लावतो, तो आकडा विचारा. वजा 20 च्या आसपास असेल तर छान. वजा 27 च्या पलीकडे असेल तर सही करू नका.

उचगाव_मळेकरी
वजा म्हणजे कमी चांगलं ना? मग वजा 27 वाईट का?

लाईनवाला_अनगोळ
वजा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी, दादा. वजा 27 म्हणजे विझत आलेली समई.

उचगाव_मळेकरी
असं सांगितलं की कळतं. आमच्याकडचा आकडा विचारून घेतो, पण सवडीने. रताळी काढायची आहेत, दोन दिवस वेळ नाही.

निपाणी_हिशेबवाला
मी कर सल्लागार. दर महिन्याची 20 तारीख म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्राचा शेवटचा दिवस, उशीर झाला की गिऱ्हाईकाला दंड आणि मला बोलणी. एका स्थानिक कंपनीला वर्षाचे पैसे एकदम भरले, मोठी सूट होती. पाचव्या महिन्यात ऑफिसला कुलूप, फोन बंद, खांबावर वायर लोंबकळत. त्या 20 तारखेला लॅपटॉप घेऊन मोटरसायकलवर सीमेवरच्या कोगनोळीच्या बाजूला गेलो रेंज शोधत. आमच्याकडे फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी कर्नाटकचा. पूर्वी रोमिंग कापायचं त्यापायी, घरच्या कट्ट्यावर बसून रोमिंग!
तेव्हापासून नियम केला, कितीही सूट देऊ देत, पैसे महिन्याचे महिन्याला. आणि पत्रकावरच्या 399 वर 18 टक्के जीएसटी धरा, 471 होतात. इन्स्टॉलेशन आणि राउटरचं डिपॉझिट वेगळं. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, वर्षाचा एकूण खर्च कागदावर मांडा, मग तुलना करा.

जांबोटीकर
तुम्ही निवड करताय हेच मोठं. आमच्या वाडीत निवड नाही. जूनमध्ये पाऊस लागला की एखादं झाड वायरवर पडणार हे ठरलेलं. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. लाईट गेली की टॉवरची बॅटरी किती वेळ पुरणार? भाचीने ऑनलाईन फॉर्म भरायला बेळगावला एसटीने दोन फेऱ्या केल्या, एक ओटीपी आला नाही म्हणून. शहरातल्यांना सांगतो, दोनशे रुपयांसाठी चांगली लाईन सोडू नका. आम्ही दुप्पट द्यायला तयार आहोत, द्यायला कुणी येत नाही.

टिळकवाडीची_नात
जांबोटीकर दादा, खरं आहे. भाचीचा फॉर्म झाला ना शेवटी?

जांबोटीकर
झाला ताई. नर्सिंगला लागली, हुबळीला.

शहापूरची_वहिनी
छान झालं हो. पोरीला आशीर्वाद.

हिंडलगा_जुना
थोडं वेगळं सांगतो. मी मोठ्या नावाची, महाग कंपनी घेतली होती. लाईन गेली की फोनवर मशीन बोलायचं, हे दाबा, ते दाबा. कन्नड, हिंदी, इंग्रजी. आईला फक्त मराठी येतं, ती फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत बसायची. चार दिवस कुणी फिरकलं नाही. मग गल्लीतल्या केबलवाल्याचं घेतलं, दीडशे रुपयांनी स्वस्त. त्याचा मुलगा सायकलवरून येतो, "काय काकू, काय झालं" म्हणतो आणि अर्ध्या तासात करून जातो. पाच वर्षं झाली. तेव्हा चांगलं म्हणजे महागच असं नाही. बिघडलं तर कोण येणार आणि किती वेळात, एवढंच मी आता विचारतो, आणि शेजारच्या तीन घरी विचारतो.

लाईनवाला_अनगोळ
शंभर टक्के बरोबर. असे केबलवाले स्वतः जॉईंट नीट करतात, कारण रोज त्याच गल्लीतून जायचं असतं.

भालकीचा_मास्तर
आमचा बीदर जिल्हा लांब, पण दुखणं एकच. ताई, तुमच्या पप्पांनी तक्रार क्रमांक लिहून ठेवले हे फार मोलाचं. क्रमांक असेल तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे ते 39 दिवसांत निकालात काढावं लागतं. मी केलं होतं. साध्या ईमेलवर, चार ओळी. आठव्या दिवशी माणूस आला. क्रमांक न घेता फोन ठेवला तर तुम्ही तक्रार केली होती याचा पुरावाच नाही. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, 12 व्होल्टचा मिळतो. लाईट गेली तरी तीन-चार तास नेट चालतं, अर्थात कंपनीच्या टोकालाही बॅकअप असेल तरच.

टिळकवाडीची_नात
मास्तर, पप्पाही मास्तरच. त्यांना हे वाचून दाखवते आत्ता. अपील असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

खानापूर_स्टुडिओ
आलो. दुकान बंद केलं. लग्नाचे फोटो अल्बमच्या प्रेसला पाठवायचे असतात, एका लग्नाचे 18 जीबी. स्वस्त प्लॅनवर लिहिलेलं 100, ते उतरवून घ्यायचं. वर चढवायला फक्त 10. म्हणजे एका लग्नाला चार तास, मध्ये तुटलं की परत पहिल्यापासून. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत मी दुकानातच झोपायचो, खुर्चीत, स्क्रीनवरची टक्केवारी बघत. 96 वर तुटलं एकदा, पहाटे चारला. त्या नवरीच्या वडिलांना मुलगी सासरी जाण्याआधी अल्बम हातात द्यायचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. ते काही बोलले नाहीत, "असू दे" म्हणाले. ते "असू दे" अजून टोचतं. आता दोन्हीकडे 100 मिळणारं घेतलंय, पाचशे रुपये जास्त, तेच काम 25 मिनिटांत होतं. विचारताना "अपलोड किती" हे जरूर विचारा, ते कुणी आपणहून सांगत नाही.

पुण्यात_आजोळ_बेळगाव
आज्जीचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, ताई. तुमच्या दादाला माहीत आहे का, ती बोलत राहिली होती ते?

टिळकवाडीची_नात
दोन वर्षांनी सांगितलं. त्याच्याकडे आवाज शेवटपर्यंत जात होता म्हणाला. त्याला सगळं ऐकू आलं होतं, हळदीचं दूध आणि सगळं. तो उत्तर देत होता, ते आमच्याकडे येत नव्हतं.

शहापूरची_वहिनी
बाई गं.

निपाणी_हिशेबवाला
🙏

लाईनवाला_अनगोळ
ताई, काकांचं घर टिळकवाडीत नेमकं कुठे? रविवारी मी तिसऱ्या गेटकडे आहे कामाला. पॉवर मीटर घेऊन येतो, खांबापासून घरापर्यंत बघतो कुणाची लाईन कशी आहे. पैसे नकोत.

टिळकवाडीची_नात
या दादा. पत्ता मेसेज करते. पप्पा म्हणतायत कुंदा मिठाई आणून ठेवतो, आणि त्यांनी विचारायच्या प्रश्नांची यादी करायला घेतलीये, आतापर्यंत सात झाले.

उचगाव_मळेकरी
मीटर लावून घेतला. वजा 24. हे बरं का वाईट?

वडगाव_मागवाला
आत्ताच धागा बघितला. वडगावात विणकर कॉलनीकडे कुणाची लाईन नीट चालते, कुणी सांगेल का?