मदत हवी आहे: बडोद्यातल्या ग्रंथालयाबरोबर स्कॅनिंगचा करार

इथलं एक जुनं मराठी ग्रंथालय सयाजीरावांच्या काळातली पुस्तकं विकिस्रोतासाठी (विकिमीडियाचं मुक्त ऑनलाइन ग्रंथालय) द्यायला तयार आहे. भारतातला कॉपीराइट संपलेला असावा म्हणून लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं उलटलेलीच निवडली आहेत; स्कॅन जिथे चढवायचे त्या विकिमीडिया कॉमन्सला अमेरिकेतली कॉपीराइटची मुदतही संपलेली लागते, म्हणून 1929 पर्यंत छापलेलीच. अडलंय ते वॉटरमार्कवर. संस्थेला प्रत्येक पानावर शिक्का हवाय. तो मजकुरावर आला की ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारी प्रणाली) ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरं चुकवतं आणि मुद्रितशोधन दुप्पट होऊन बसतं. त्याऐवजी कॉमन्सवरच्या फाइलच्या माहिती-पानावर संस्थेचा साचा (नाव-श्रेय देणारी ठरावीक चौकट) आणि संस्थेच्या फाइल एकत्र दाखवणारा स्वतंत्र वर्ग, एवढ्यावर कुणी संस्थेला राजी केलंय का? सामंजस्य कराराचा मराठी मसुदा असेल तर कृपया द्या. पुस्तकांच्या पानांच्या कडा हात लावताच तुटताहेत. पावसाळ्याआधी स्कॅनिंग सुरू व्हायलाच हवं.